जंतू फुप्फुसात, मग हृदय का थकतं?

"न्यूमोनियासाठी दाखल केलं होतं, आता म्हणतात हार्ट कमजोर झालंय." आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकांच्या तोंडून हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकलं आहे. मग शंका सुरू होतात. कुणी म्हणतं, अटॅक येऊन गेला आणि आपल्यापासून लपवला. कुणी म्हणतं, औषधं गरम पडली. अब्बांना तर हृदयाचा कधी त्रासच नव्हता! माणूस आत झुंजत असतो आणि बाहेर डॉक्टरांवरचा भरवसा उडत चाललेला असतो. आम्ही शिक्षक, डॉक्टर नव्हे. पण वाचून-विचारून जे समजलं, ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो.

या आजाराचं नाव सेप्सिस. जंतुसंसर्ग फुप्फुसात असो, लघवीच्या मार्गात, मधुमेही माणसाच्या पायाच्या जखमेत किंवा बाळंतिणीच्या गर्भाशयात. त्याच्याशी लढताना शरीराचा स्वतःचाच प्रतिकार ताळ सोडतो आणि त्या गोंधळात चांगले अवयव बंद पडू लागतात. २०१६ साली तज्ज्ञांनी सेप्सिसची नवी व्याख्या केली, तेव्हा भर याच गोष्टीवर दिला. २०१७ या एका वर्षात जगभरात अंदाजे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि सुमारे १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी निगडित होते. म्हणजे दर पाच मृत्यूंमागे जवळपास एक. आपल्याकडे मात्र 'इन्फेक्शन रक्तात पसरलं' एवढं ऐकून आपण मान हलवतो.

आता हृदयाकडे वळू. दर ठोक्याला हृदयाचा डावा कप्पा आतल्या रक्ताचा किती हिस्सा बाहेर ढकलतो, त्याला डॉक्टर ईएफ म्हणतात. निरोगी माणसात तो साधारण ५५ ते ७० टक्के असतो. अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये मार्गारेट पार्कर आणि सहकाऱ्यांनी सेप्सिसमुळे रक्तदाब कोसळलेले २० रुग्ण तपासले. १९८४ साली त्याचा अहवाल आला. १० जणांचा ईएफ ४० टक्क्यांच्या खाली गेला होता. हृदय फुगलेलं आणि वेगानं धडधडणारं, म्हणून एकूण रक्तपुरवठा वरवर ठीक दिसत होता. ठोक्यातली ताकद मात्र गेली होती. खरी नवलाची गोष्ट पुढे आहे. जे वाचले, त्यांचं हृदय सात-दहा दिवसांत पूर्वपदावर आलं.

रक्तवाहिनी तुंबून अटॅक येतो, तेव्हा हृदयाचा तुकडा मरतो आणि तिथे व्रण राहतो. इथे तसं होत नाही. मग हृदयाला कोण दाबून ठेवतं? पुढच्याच वर्षी त्याच गटानं अशा रुग्णांच्या रक्तातलं सीरम काढून, काचेच्या बशीत धडधडणाऱ्या उंदराच्या हृदयपेशींवर टाकलं. पेशींचं आकुंचन मंदावलं. त्याच रुग्णांच्या बरं झाल्यानंतरच्या सीरमनं तसं झालं नाही. रक्तातूनच काहीतरी हृदयापर्यंत पोहोचत होतं. त्यात टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१ हे दाह वाढवणारे पदार्थ असल्याचं १९९६ मध्ये दाखवून दिलं गेलं. ते प्रामुख्यानं आपल्याच रोगप्रतिकारक पेशी बनवतात.

त्या पेशींना हा हुकूम मिळतो कुठून? इथे जनुकांचा विषय येतो. आपल्या बहुतेक सगळ्या पेशींमध्ये सुमारे २० हजार जनुकांचा तोच संच असतो. एकाच वर्गातल्या सगळ्या मुलांच्या दप्तरात तीच पुस्तकं असतात, पण तासाप्रमाणे कोणतं उघडायचं ते ठरतं; तसंच हे. उघडलेल्या पानाची नक्कल पेशीत तयार होते आणि रक्ताच्या छोट्याशा नमुन्यातून ती मोजता येते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांना जिवाणूंच्या आवरणातला विषारी अंश अगदी अल्प प्रमाणात टोचला. काही तासांत त्यांच्या पांढऱ्या पेशींतल्या तीन हजारांहून अधिक जनुकांचं काम बदललं. दाहाची पानं उघडली, ऊर्जा बनवणारी पानं मिटली. निरोगी माणसात हे दिवसभरात बहुतांशी निवळलं. सेप्सिसमध्ये ते निवळत नाही. हृदयाच्या स्नायूतही ऊर्जेचं आणि कॅल्शियमचं गणित विस्कटतं. पेशी मरण्याऐवजी काम आवरतं घेतात.

मात्र रक्ताची ही तपासणी पांढऱ्या पेशींचा हाल सांगते, थेट हृदयाचा नाही. अत्यवस्थ माणसाच्या हृदयाचा तुकडा काढून पाहता येत नाही, म्हणून संशोधक रक्तातली जनुकं आणि टू-डी इको यांची सांगड घालू पाहतात.

ब्रिटनमधल्या रुग्णांच्या रक्तातून २०१६ मध्ये दोन गट पुढे आले. एका गटात प्रतिकारशक्तीच थकलेली होती आणि मृत्यू अधिक होते. बाहेरून दोन्ही रुग्ण सारखेच दिसतात! पुढे एका चाचणीची फेरतपासणी झाली, तेव्हा दुसऱ्या गटात स्टेरॉइड दिलेल्यांचे मृत्यू जास्त आढळले. हा निष्कर्ष अजून पक्का धरायचा नाही. पण 'शेजारच्या बेडवाल्याला दिलं ते आमच्याला का नाही' या भांडणात दम नसतो, हे आम्हाला यातून पटलं.

सलाईनचंही तसंच. "बाटली चढवा ना" असा आग्रह आपण धरतो. सुरुवातीला ती लागतेच, पण हृदय दमलेलं असेल तर जास्तीचं पाणी फुप्फुसात साचतं. म्हणून डॉक्टर मोजून देतात आणि रक्तदाबाचं औषध पंपातून थेंबाथेंबानं सोडतात.

जनुकांची तपासणी आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात नाही. घड्याळ मात्र घरोघरी आहे. आजारी माणसाची छाती मिनिटात किती वेळा वर येते ते मोजा. प्रौढ माणसात २२ किंवा जास्त असेल तर थांबू नका. बरळणं, सुस्ती, लघवी कमी होणं, हातपाय गार पडणं, ओठ किंवा नखं निळसर दिसणं, हीही लक्षणं आहेत. म्हाताऱ्या माणसांत ताप नसतोही, उलट अंग थंड पडतं, आणि आपण 'ताप उतरला' म्हणून निर्धास्त होतो. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णांच्या २००६ मधल्या एका अभ्यासात पहिल्या सहा तासांत अँटिबायोटिकला झालेल्या प्रत्येक तासाच्या उशिरानं जगण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घटलेली दिसली. गेल्या वेळच्या उरलेल्या गोळ्या देऊन रात्र काढण्याची किंमत यावरून कळावी. जे दिलं असेल ते, हकीमसाहेबांची पुडीसुद्धा, दवाखान्यात स्पष्ट सांगावं.

आणि घरी सोडताना इको पुन्हा कधी करायचा ते विचारून घ्यावं. आठवड्यापूर्वीच्या कागदावर ३५ टक्के लिहिलेलं असलं, तरी नव्या कागदावर ५५ दिसू शकतात.