तळहातावरची फेणी

मी फेणी कधी प्यायलेलो नाही, आणि तरीही फेणीवर बोलायचा थोडाफार अधिकार मला आहे असं मी मानतो. ऐकणाऱ्यांतले काही हसतील, काही रागावतील. दोघांनीही जरा दम धरावा.

हा अधिकार मला एका मित्राने दिला. सावंतवाडीला बी.ए.च्या वर्गात आम्ही एका बाकावर बसायचो. तो पलीकडचा, गोव्याच्या पेडणे तालुक्यातला. मी अलीकडचा, वेंगुर्ल्याजवळच्या एका खाडीकाठचा. त्याच्या घरी काजूची बाग होती आणि बागेच्या खालच्या अंगाला आजोबांच्या वेळची भट्टी. १९८९ च्या एप्रिलमध्ये त्याने मला पहिल्यांदा घरी नेलं. नेमका रमजान चालू होता आणि मला रोजा होता. भट्टी पेटलेली, धूर, ऊन, आणि काजूच्या बोंडांचा तो उग्र गोड वास. ज्याला तो आवडतो त्याला वेड लावतो, आणि आवडत नाही तो नाकाला रुमाल लावून पळतो. मित्राने नळीखाली वाटी धरली, दोन थेंब माझ्या तळहातावर टाकले आणि म्हणाला, "पियाचा नाय. हात चोळ आणि वास घे."

मी हात चोळला. आधी नाकात झोंबलं. मग ते उडून गेलं आणि मागे पिकल्या फळाचा, थोडा मातीचा, थोडा तांब्याचा वास उरला. "शेवटाक जो रवता, तोच खरो," मित्र म्हणाला. त्यानंतर तीस वर्षं, दर उन्हाळ्यात, मी त्याच्याकडे हा धडा गिरवत आलो.

आता ही फेणी होते कशी, ते सांगतो. काजूचं झाड मूळचं ब्राझीलचं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते इकडे आणलं. आपण बी खातो, बोंडाकडे दुर्लक्ष करतो. गोव्यात मात्र बोंडाचा मान मोठा. जुने लोक झाडावरचं बोंड तोडत नाहीत, आपणहून खाली पडलेलंच वेचतात, कारण पडलेलंच पूर्ण पिकलेलं असतं. बी पिळून वेगळी करायची आणि बोंडं दगडी कुंडीत, म्हणजे कोळंबीत, पायांनी तुडवायची. तुडवून उरलेल्या चोथ्यावर वजन ठेवलं की जो स्वच्छ रस ठिबकतो तो नीरो. त्यात नशा नसते. त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी अजान ऐकू येण्याइतकी जवळ मशीद नव्हती. घड्याळ बघून मी रोजा सोडला तो याच नीऱ्याने. मित्राची आई हातात पेला घेऊन दहा मिनिटं आधीपासून दारात उभी होती. तिला खजूर मिळाला नव्हता, याचंच तिला वाईट वाटत होतं.

तुडवलेला रस मडक्यांत दोन-चार दिवस ठेवतात. बाहेरून काही घालावं लागत नाही, तो आपणहून फसफसतो. मग तांब्याच्या भाणात घालून खाली लाकडं पेटवायची. वाफ वर चढते, नळीतून जाते, थंड होते आणि थेंबथेंब गळते. पूर्वी वाफ जमणाऱ्या मडक्यावर माणूस बसून सारखं पाणी ओतत राहायचा. आता बहुतेक ठिकाणी तांब्याची वेटोळी नळी पाण्याच्या टाकीत बुडवलेली असते. पहिल्या वाफेचा तो हुर्राक. त्यात अल्कोहोल शेकडा १५ च्या आसपास, आणि तो टिकत नाही. मार्च ते मे एवढंच त्याचं आयुष्य. हुर्राकात पुन्हा रस मिसळून दुसऱ्यांदा वाफ काढली की फेणी. ती शेकडा ४२-४३ पर्यंत जाते आणि वर्षानुवर्षं टिकते. ताकद मोजायला तरंगती नळी असते, तिचं माप 'ग्राव'. पण माझा मित्र नळीवर विश्वास ठेवायचा नाही. बाटली हलवून फेस बघायचा. तो किती दाट येतो, किती वेळ टिकतो, यावरून सांगायचा. फेणी हे नावच फेणावरून, म्हणजे फेसावरून आलं असं मानतात.

दक्षिण गोव्यात माडाची फेणीही करतात, रेंदेर माडावर चढून सूर काढतात त्याची. काजू येण्याआधीपासून माड इथे होतेच. तिचा वास सौम्य असतो. माझं मत विचाराल तर मी काजूच्याच बाजूचा, पण न पिणाऱ्याच्या मताला किती किंमत द्यायची ते तुम्ही ठरवा.

आता माझ्यासारख्याला गंमत वाटावी अशी एक गोष्ट. हुर्राक हा शब्द आला अर्कावरून, आणि अर्क हा अरबी शब्द. त्याचा मूळ अर्थ घाम. भांड्याला घाम फुटावा तसे थेंब जमतात म्हणून अर्क. अल्कोहोल हा शब्दही अरबी 'अल्-कुह्ल'वरून आला, म्हणजे डोळ्यात घालतो तो सुरमा. बारीक चूर्णाला वापरायचा शब्द युरोपात जाता जाता दारूला चिकटला. ऊर्ध्वपातनाच्या भांड्याला युरोपात 'अलेम्बिक' म्हणतात, तोही अरबी 'अल्-अंबीक'. आठव्या-नवव्या शतकातल्या अरबी रसायनविदांनी ही भांडी अत्तरासाठी आणि औषधासाठी घासूनपुसून सिद्ध केली. म्हणजे ज्यांच्या धर्मात दारू वर्ज्य, त्यांच्या भाषेने दारूला नाव दिलं आणि भांडंही. मी हे सांगितल्यावर मित्र म्हणाला, "मगे तुझोच माल तू पियाक नाय म्हणतस!"

आमच्या घरातही मद्य अगदीच परकं नव्हतं, हे मला नंतर उमगलं. आम्हा कोकणी मुसलमानांत सांदण करतात, तांदळाचं, नारळाच्या दुधाचं, वाफेवरचं. माझी दादी ते माडीवर आंबवायची. पहाटे किटली घेऊन मला भंडाऱ्यांच्या घरी पाठवायची आणि बजावायची, "वाटेत झाकण उघडू नको." गोव्यातल्या ख्रिस्ती घरात सान्नं करतात तीही सुरावर आंबवतात. दोन्ही शेजारी ठेवा, कोणतं कोणाच्या चुलीवरचं ते सांगणं अवघड जाईल. यीस्टच्या पुड्या आल्या आणि किटली बंद झाली. सांदण अजून फुगतं, पण तो किंचित आंबूस वास गेला.

मित्राने मला वास दिला, त्याची परतफेड मी माशांनी केली. त्याचं घर समुद्रापासून आत. घरात बांगडा, सुरमई, तारली यायची, पण काही मासे उंबऱ्यावरूनच परत जायचे. वाम त्यातली पहिली. लांब, गुळगुळीत, खवले नसलेली, दिसायला सापासारखी. त्याच्या आईने पिशवीत डोकावून पाहिलं आणि पिशवी अंगणातच ठेवायला लावली. मग मीच अंगणात बसून कापली. वामेच्या शेपटीकडे काटे फार, म्हणून तो भाग कालवणाला, आणि मधला भाग तळायला. मांस पांढरं, घट्ट आणि तेलकट. सुरमईची ऐट तिला नाही, पण चव सुरमईपेक्षा खोल आहे, असं मी कुठेही उभा राहून सांगेन. वामेच्या, घोळीच्या पोटातली हवेची पिशवी वाळवून परदेशी जाते. अशा पिशव्यांपासून केलेला चिकट पदार्थ तिकडे बिअर आणि वाइन नितळ करायला वापरत आले आहेत. माशाचा आणि मद्याचा हा असाही शेजार!

दुसरी मुशी. गोव्यात तिला मोरी म्हणतात. शार्कची लहान जात. मुशीला वास येतो म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ. पण वासामागे कारण आहे. समुद्राच्या खारेपणाशी बरोबरी राखायला हे मासे युरिया अंगातच साठवून ठेवतात. मासा मेला की जिवाणू त्याचा अमोनिया करतात. तेव्हा दोष मुशीचा नाही, उशिराचा आहे. पाण्याबाहेर आल्याबरोबर साफ करून, रक्त काढून टाकून त्याच दिवशी शिजवली तर वास नावाला येतो. आई मुशी उकडून, कातडी काढून, मांस कुस्करून कांदा-खोबऱ्यात परतायची. गोव्यात तिचं आंबटतीक करतात, ते नावासारखंच असतं. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशी घालायची रीत आमच्याकडे सगळ्या जातिधर्मांत आहे. अर्थात सगळेच शार्क खायचे नसतात. व्हेल शार्कला २००१ पासून कायद्याचं संरक्षण आहे, पुढे आणखी काही जातींनाही मिळालं. अगदी वीतभर पिल्लं बाजारात दिसतात ती मी घेत नाही.

शिंगाळ्याची गोष्ट याहून हळवी आहे. या माशात मादीने घातलेली गोटीएवढी अंडी नर तोंडात धरून ठेवतो आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत धड खात नाही. अशा नरांचे थवे जाळ्यात सापडले की अंडी डेकवर सांडतात आणि पुढच्या पिढीचा हिशेब तिथेच संपतो. मोठी जाळी आल्यावर आपल्या किनाऱ्यावर शिंगाळा कमी झाला त्यामागे हेही एक कारण. लहानपणी मी ती अंडी आवडीने खाल्ली आहेत. हे कळल्यावर सोडली.

न खाण्याच्या यादीबद्दल बोलायचं तर आमच्यातही एकमत नाही. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. अरबी समुद्रातून आलेल्या व्यापाऱ्यांबरोबर तो पंथ या किनाऱ्यावर आला. त्यात समुद्राचं जवळजवळ सगळं चालतं: कालवं, तिसऱ्या, माकुल. देशावरचे हनफी मासा खातात, पण कालवं नाही, आणि कोळंबीवर त्यांच्यात अजून वाद आहे. बोहरी खवल्यांचा मासा आणि कोळंबी खातात, म्हणजे वाम, मुशी, शिंगाळा बाद. एका कविसंमेलनानंतर सोलापूरकडचे एक शायर, रत्नागिरीचे एक बोहरी स्नेही, हा माझा पेडण्याचा मित्र आणि मी असे चौघे माझ्या घरी जेवायला बसलो. आईने ओहोटीला खडकावर जाऊन कोयतीने कालवं काढून आणली होती. शायरांनी कालवं सोडली, बोहरी स्नेह्यांनी वाम सोडली. मित्राला आठवलं की आज सोमवार, त्याने सोलकढी आणि भातावर भागवलं. मी एकटाच सगळं खात होतो. आई दारात येऊन म्हणाली, "एवढं रांधलं कोणासाठी मी?"

फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेय ठरवलं. आमच्या बाजूला १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे, प्यायलाही परवाना लागतो. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने काजूच्या उत्तम जाती दिल्या, बागा वाढल्या, आणि मे महिन्यात बोंडांचे ढीग झाडाखाली सडतात. गुरं थोडी खातात, बाकीचं माशांच्या स्वाधीन, म्हणजे घोंघावणाऱ्या माशांच्या. नदीपलीकडे त्याच फळावर घरं चालतात. मी दारूचा कैवारी नाही. दारूने उठलेली घरं मी पाहिली आहेत, त्यातलं एक माझ्या गल्लीतलं आहे. पण चांगली वस्तू आणि तिचा अतिरेक यांत फरक करता येत नसेल, तर आपण सडलेल्या बोंडांवरून नुसते चालत राहणार.

२०१९ च्या एप्रिलमध्ये मित्राची तब्येत उतरली होती. भट्टीजवळ खुर्ची टाकून बसला होता. नेहमीसारखे थेंब हातावर टाकले. मी वास घेतला, सांगितलं, "यंदा चांगली जमलीय." तो म्हणाला, "तीस वर्सां झाली. एकदा तरी ओठाक लाव. मी कोणाक सांगाचंय नाय." मी हसून हात पुसला. तोही हसला. विषय तिथेच संपला. २०२१ च्या पावसात तो गेला. त्या दिवशी ओठाला लावायला हवी होती का, हे मी स्वतःला विचारतो. उत्तर दर वेळी 'नाही' असंच येतं. पण विचारणं काही थांबत नाही.

गेल्या एप्रिलमध्ये त्याच्या मुलाचा फोन आला, "काका, भट्टी लावलीय, येवा." मी वाम घेऊन गेलो. त्याची आजी आता नाही, त्यामुळे पिशवी थेट स्वयंपाकघरात गेली. भाण तेच होतं. पोराने वाटी धरली, थेंब माझ्या हातावर टाकले आणि बापासारखा बाजूला उभा राहिला.

"कशी आसा?"

मी हात चोळला, वाट पाहिली. झोंबणं गेलं, मागे काही उरलं नाही.

"जाळ मोठा केलास," मी म्हणालो. "घाई झाली."

तो काही बोलला नाही. चुलीतली दोन लाकडं मागे ओढली आणि पुन्हा वाटी धरून बसला. आतून वाम तळल्याचा वास येत होता.