पुन्हा करून पाहताना : मानसशास्त्राची २०११ ते २०२४ ही वर्षं

२०११ साली सामाजिक मानसशास्त्रातल्या अत्यंत मानाच्या एका नियतकालिकात कॉर्नेल विद्यापीठाच्या डॅरिल बेम यांचा शोधनिबंध आला. नऊ प्रयोग, हजारावर सहभागी, आणि निष्कर्ष असा की पुढे घडणाऱ्या गोष्टींची चाहूल माणसाला आधीच लागते. हे कुणालाच पटण्यासारखं नव्हतं. पण खरी अडचण निराळीच होती. बेम यांनी वापरलेल्या पद्धती त्या काळी सगळेच वापरत होते. त्या पद्धतींतून भविष्यज्ञान सिद्ध होत असेल, तर त्याच पद्धतींनी सिद्ध झालेल्या बाकीच्या गोष्टींचं काय करायचं?

त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठाचे डिडेरिक स्टापेल यांनी वर्षानुवर्षं आकडेवारी स्वतःच रचल्याचं उघड झालं. त्यांचे पन्नासहून अधिक निबंध मागे घ्यावे लागले. मला मात्र त्या वर्षातली तिसरी घटना सगळ्यांत महत्त्वाची वाटते. सिमन्स, नेल्सन आणि सायमनसन या तिघा संशोधकांनी बीटल्सचं एक गाणं ऐकल्यामुळे विद्यार्थ्यांचं वय जवळपास दीड वर्षाने कमी होतं, असं रीतसर आकड्यांनिशी दाखवून दिलं. आकडे खरे होते, खोटं काहीच नव्हतं. फक्त सोयीची मोजमापं ठेवली, गैरसोयीची सांगितलीच नाहीत, आणि हवं ते उत्तर दिसेपर्यंत माणसं वाढवत नेली. फसवणूक न करताही अशक्य गोष्ट सिद्ध करता येते, हे त्यांनी डोळ्यांसमोर आणलं. स्टापेलसारखी माणसं थोडी असतात, पण ही सवय जवळजवळ सगळ्यांना होती.

पुढच्या वर्षी ब्रुसेल्समध्ये जे घडलं ते जरा सविस्तर सांगायला हवं. १९९६मध्ये जॉन बार्ग आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. विद्यार्थ्यांना विस्कटलेल्या शब्दांतून वाक्यं जुळवायला द्यायची. काहींच्या शब्दांत सुरकुत्या, फ्लोरिडा असे म्हातारपणाची आठवण करून देणारे शब्द पेरलेले असायचे. काम संपवून विद्यार्थी बाहेर पडला की तो बोळातून किती वेगाने चालतो ते मोजायचं. म्हातारपणाचे शब्द वाचलेली मुलं हळू चालली, असा निष्कर्ष निघाला आणि तो पाठ्यपुस्तकांत गेला. २०१२मध्ये ब्रुसेल्सच्या स्तेफान द्वाय्यां यांच्या गटाने हाच प्रयोग चौपट विद्यार्थ्यांवर केला. वेळ मोजायला माणसाऐवजी अवरक्त किरणांचे सेन्सर लावले. चालण्यात फरक आढळला नाही. मग त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं. प्रयोग घेणाऱ्यांपैकी काहींना आधीच सांगून ठेवलं की मुलं हळू चालतील. तेव्हा मात्र परिणाम दिसला! म्हणजे शब्दांहून प्रयोग घेणाऱ्याच्या मनातली अपेक्षा जास्त काम करत होती. मानवी वर्तनाविषयीचा हा शोधच आहे, फक्त तो विद्यार्थ्यांऐवजी संशोधकाविषयीचा आहे. या साऱ्या काळातला सर्वांत मोलाचा शोध मी यालाच म्हणेन.

डॅनिएल कानेमन यांनी २०११च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात अशा प्रयोगांवर पूर्ण भरवसा ठेवला होता. २०१२मध्ये त्यांनीच या क्षेत्रातल्या संशोधकांना जाहीर पत्र लिहून एकमेकांचे प्रयोग तपासा असं कळकळीने सांगितलं. २०१७मध्ये, मोजक्या माणसांवरच्या अभ्यासांवर आपण नको तितका विश्वास टाकला, हेही त्यांनी उघडपणे मान्य केलं. छोट्या नमुन्यावर विसंबण्याच्या माणसाच्या प्रवृत्तीवर १९७१ साली अमोस ट्वर्स्की यांच्यासोबत निबंध लिहिणारे हेच कानेमन. धोका ठाऊक असणं आणि त्यातून वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोबेल मिळवलेला माणूस हे कबूल करतो, त्याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो.

२०१५मध्ये ब्रायन नोसेक यांच्या पुढाकाराने शंभर अभ्यास नव्याने करून पाहण्यात आले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत ठोस परिणाम नोंदवला होता, फेरतपासणीत तो ३६ टक्क्यांत मिळाला. वर्तमानपत्रांनी मानसशास्त्र कोसळलं असं लिहिलं. ते बरोबर नव्हतं. आधी कानावर पडलेल्या आकड्याकडे आपला अंदाज ओढला जातो, हा परिणाम अनेक देशांतल्या प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा टिकला. इच्छाशक्ती वापरून संपते, ही लोकप्रिय कल्पना मात्र २०१६मध्ये २३ प्रयोगशाळांनी तपासली, तेव्हा जवळपास काहीच हाती लागलं नाही.

आपल्याकडे पालकांच्या व्याख्यानांत हमखास येणारी गोष्ट मार्शमॅलोची. स्टॅनफर्डच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल यांनी मुलांपुढे खाऊ ठेवला, थांबलास तर दुप्पट मिळेल म्हणाले, आणि जी मुलं थांबली ती पुढे शिक्षणात सरस ठरली. पण पुढची प्रगती ज्यांची तपासली ती मुलं शंभराच्या आतच होती, आणि तीही विद्यापीठाच्या परिसरातली. २०१८मध्ये टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी नऊशेहून अधिक मुलांची माहिती तपासली. थांबण्याचा पुढच्या प्रगतीशी संबंध मूळच्या निम्मा निघाला. घरची परिस्थिती आणि मुलाची आधीची बौद्धिक तयारी हिशेबात धरल्यावर त्यातलाही दोन-तृतीयांश भाग गळाला. कॅलिफोर्नियातल्या त्या मूठभर मुलांवरून आपल्याकडच्या आईबापांना मुलाचा संयम हीच त्याच्या भविष्याची किल्ली असं सांगणं मला अन्यायाचं वाटतं. ज्या घरात उद्याचा भरवसा नाही, तिथे मूल समोरचा खाऊ लगेच खाऊन टाकतं, यात त्याचं काय चुकलं?

नमुन्याचा हा प्रश्न मार्शमॅलोपुरता नाही. २०१०मध्ये जोसेफ हेनरिक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की मानसशास्त्रातले ९६ टक्के सहभागी पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले असतात, जगाच्या लोकसंख्येत त्या देशांचा वाटा १२ टक्के. या बाबतीत प्रगती धिमी आहे.

कामाच्या रीतीत मात्र मोठा बदल झाला. २०१३पासून ‘कॉर्टेक्स’ या नियतकालिकाने निकाल येण्याआधीच, केवळ प्रश्न आणि आराखडा पाहून निबंध स्वीकारायला सुरुवात केली. पुढे शेकडो नियतकालिकं त्या वाटेने गेली. काय मोजणार हे आधी नोंदवून ठेवायचं, म्हणजे पूर्वनोंदणी करायची, आणि आकडेवारी सर्वांसाठी खुली करायची, ही रीतही रुळली. खुल्या आकडेवारीमुळेच २०२१मध्ये प्रामाणिकपणावरच्याच एका प्रसिद्ध निबंधातली बनावट माहिती पकडली गेली आणि तो मागे घेण्यात आला. २०२४च्या सप्टेंबरमध्ये तर या सुधारणांचं यश सांगणारा, नोसेक यांचंही नाव असलेला निबंध मागे घ्यावा लागला, कारण पूर्वनोंदणीबद्दल त्यात केलेले दावे तपासणीत टिकले नाहीत. सुधारकांनाही तीच फूटपट्टी लागली, यात मला समाधान वाटतं.

हसरा चेहरा केल्याने मन प्रसन्न होतं का, हा वादही असाच. दातांत पेन धरून चेहरा हसरा करण्याचा १९८८चा प्रयोग २०१६मध्ये १७ प्रयोगशाळांत फसला. त्यानंतर निकोलस कोल्स यांनी ही कल्पना मानणारे आणि न मानणारे संशोधक एकत्र आणून प्रयोगाचा आराखडा आधी सर्वांकडून संमत करून घेतला. १९ देशांतल्या ३,८७८ लोकांवरचा निकाल २०२२मध्ये आला. हसऱ्या चेहऱ्याची नक्कल केली किंवा चेहऱ्याचे स्नायू ठरवून तसे हलवले, तर आनंद किंचित वाढतो. पेन धरण्याने काही होतं की नाही, हे त्यातूनही स्पष्ट झालं नाही, आणि निबंधात तसंच लिहिलं आहे.