पी. आर. पिशारोटी

पिशारोथ रामा पिशारोटी (१० फेब्रुवारी १९०९ – २४ सप्टेंबर २००२) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ व हवामानशास्त्रज्ञ होते. भारतात सुदूर संवेदन तंत्राचा पाया घालण्यात त्यांचा मोठा वाटा असल्यामुळे त्यांना 'भारतीय सुदूर संवेदनाचे जनक' म्हटले जाते. पुणे येथील उष्णप्रदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ते संस्थापक संचालक होते.

शिक्षण व हवामानशास्त्रातील कार्य

पिशारोटी यांचा जन्म केरळमधील कोल्लंगोड येथे झाला. भौतिकशास्त्राचे उच्च शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी मद्रासच्या लोयोला महाविद्यालयात अध्यापन केले. याच काळात सुट्ट्यांमध्ये ते बंगळूर येथे सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करीत. १९४०च्या दशकाच्या आरंभी ते भारतीय हवामान खात्यात रुजू झाले. पुढे अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. मुंबईच्या कुलाबा व अलिबाग वेधशाळांचे संचालकपदही त्यांनी सांभाळले.

१९६२ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या संस्थेची उभारणी त्यांच्या नेतृत्वाखाली झाली. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांना मिळणाऱ्या बाष्पात अरबी समुद्रावरील बाष्पीभवनाचा वाटा मोठा असतो, असे प्रतिपादन त्यांनी १९६५ मध्ये केले. त्यामुळे या विषयावरील संशोधनाला चालना मिळाली.

नारळ रोगाचा प्रयोग

१९६७ मध्ये शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यावर पिशारोटी विक्रम साराभाई यांच्या निमंत्रणावरून अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत दाखल झाले. त्या वेळी भारताचा स्वतःचा एकही उपग्रह नव्हता. सुदूर संवेदनाचा देशाला उपयोग काय, हे आधी दाखवून देणे आवश्यक होते.

यासाठी केरळमधील नारळाच्या बागांची निवड झाली. तेथे 'रूट विल्ट' नावाचा मुळांचा रोग अनेक दशके पसरत होता. रोगामुळे झाड लगेच मरत नाही, मात्र त्याचे उत्पन्न घटत जाते. रोगावर खात्रीशीर औषध नसल्याने रोगट झाडे वेळीच ओळखून काढून टाकणे हाच प्रमुख उपाय होता. लाखो झाडांची एकेक करून पाहणी करणे मात्र फार कष्टाचे काम होते.

१९७०च्या सुमारास पिशारोटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टरमधून या बागांची अवरक्त संवेदी फिल्मवर छायाचित्रे घेतली. निरोगी पाने निकट-अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात. पानांची अंतर्गत रचना बिघडली की हे परावर्तन कमी होते. डोळ्यांना हा फरक दिसत नाही. अवरक्त फिल्मवर मात्र निरोगी झाडे ठळक तांबडी उमटतात आणि रोगट झाडांचा रंग वेगळा दिसतो. छायाचित्रांतील झाडांची प्रत्यक्ष जमिनीवरील पाहणीशी तुलना करून निष्कर्ष पडताळण्यात आले. रोगग्रस्त झाडे हवेतून ओळखता येतात, हे या प्रयोगाने सिद्ध केले.

प्रभाव

भारतातील सुदूर संवेदन कार्यक्रमाचा आरंभ या प्रयोगापासून मानला जातो. १९७२ ते १९७५ या काळात पिशारोटी यांनी अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात सुदूर संवेदन व उपग्रह हवामानशास्त्र विभागाचे संचालकपद भूषवले. १९७९ मध्ये भास्कर-१ हा प्रायोगिक भूनिरीक्षण उपग्रह, तर १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा पहिला कार्यान्वित सुदूर संवेदन उपग्रह सोडण्यात आला. पीकक्षेत्राचा अंदाज, वनांचे मापन, भूजलाचा शोध आणि पूरग्रस्त भागाचे नकाशे यांसाठी अशा उपग्रहांची माहिती वापरली जाते. दूरवरून मिळालेल्या चित्राची जमिनीवरील पाहणीशी सांगड घालण्याची केरळमध्ये वापरलेली पद्धत आजही या कामाचा आधार आहे.

सन्मान

भारत सरकारने १९७० मध्ये त्यांना पद्मश्री किताब दिला. जागतिक हवामान संघटनेचा आंतरराष्ट्रीय हवामान संघटना पुरस्कार त्यांना १९८९ मध्ये मिळाला. त्यांचे निधन पुणे येथे झाले.