शिंगवाल्या भुंग्यांचा जपानी शौक : शिंग पाहू नका, तारीख पाहा

उन्हाळा आला की जपानमधील दुकानांत जिवंत भुंगे विकायला येतात. नराच्या डोक्यावर शिंग असलेल्या तेथील देशी भुंग्याला 'काबुतोमुशी' म्हणतात. काबुतो म्हणजे लढाईतले शिरस्त्राण, मुशी म्हणजे किडा. पूर्वी मुले झाडातून पाझरणाऱ्या रसावर बसलेले भुंगे पकडून आणीत. १९९९ साली सरकारने परदेशी भुंगे आणण्यावरील बंधने सैल केली आणि या शौकाचा मोठा बाजार झाला. अमेरिका खंडातील उष्ण जंगलांतला हर्क्युलिस आणि जावा-सुमात्राकडचा कॉकेशस या जाती दुकानांत आल्या. २००३ साली सेगा कंपनीने 'मुशीकिंग' हा भुंग्यांच्या पत्त्यांचा खेळ काढला, तेव्हा मुलांची हौस आणखी वाढली.

नवशिक्या गिऱ्हाइकाची नजर शिंगावर जाते. हर्क्युलिसचा मोठा नर शिंगासह सतरा सेंटिमीटरपर्यंत भरतो. परंतु पूर्ण वाढलेला भुंगा आपल्या आयुष्याच्या शेवटच्या मुक्कामावर असतो, हे ध्यानात घ्यावे. काबुतोमुशी बाहेर आल्यावर दोन-तीन महिनेच जगतो. हर्क्युलिस थोडा अधिक टिकतो, पण त्याच्या अळीलाच वाढायला वर्ष-दीड वर्ष किंवा त्याहून जास्त लागते. भुंग्याचा आकार अळीपणीच्या खुराकावर ठरतो, नंतर तो वाढत नाही. म्हणून जपानातील चांगले विक्रेते डब्यावर भुंगा कोशातून निघाल्याची तारीख लिहितात. तारीख नसलेला माल घेऊ नये.

आमच्या मते नवशिक्याने काबुतोमुशीच्या अळीपासून सुरुवात करावी. ती स्वस्त असते, काटक असते आणि वर्षभरात तिचा भुंगा होतो. तिला कुजवलेल्या लाकडाचा भुसा लागतो. भुसा मुठीत दाबल्यास गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. डबा सावलीत ठेवावा. लेंड्या साचल्या की भुसा बदलावा, मात्र थोडा जुना राखून नव्यात मिसळावा. अळी मातीत कोशाची खोली करते, तेव्हा उकरून पाहण्याचा मोह टाळावा. खोली मोडली तर शिंग वाकडे होते किंवा जीव जातो. भुंगा निघाल्यावर त्याला जेली द्यावी. कलिंगडासारखी पाणीदार फळे डबा घाण करतात. दोन नर एकत्र ठेवू नयेत, ते झुंजतात. डब्यात लाकडाचा तुकडा असावा, नाहीतर उताणा पडलेला भुंगा धडपडून मरतो.

व्यापाराचे गणित असे, की भुंगा एकदाच विकला जातो, भुसा आणि जेली मात्र पुनःपुन्हा. ज्याचा भुंगा जगतो तोच गिऱ्हाईक परत येतो.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगावीशी वाटते. हौस फिटली म्हणून परदेशी भुंगा रानात सोडू नये. परका भुंगा काय करतो हे ग्वामने पाहिले आहे. नारळाचा कोंब पोखरणारा गेंड्या भुंगा, जो आपल्या कोकणातील बागायतदारांच्या ओळखीचा आहे, तो २००७ साली त्या बेटावर आढळला आणि तेथील माडांची मोठी हानी झाली. भारतातही परदेशी जिवंत किडा आणायचा तर सरकारी परवाना लागतो. ज्यांना हा शौक करायचा असेल त्यांनी आधी परवाना पाहावा, मग तारीख आणि सर्वांत शेवटी शिंग.