अवजाराचे आयुष्य

हातावर पोट असलेल्या कारागिराचे खरे भांडवल म्हणजे त्याची अवजारे. सुतार, गवंडी, फिटर वा वायरमन यांपैकी कोणाचेही यंत्र ऐन कामात जळाले, की दुरुस्तीचा भुर्दंड तर बसतोच, शिवाय तेवढ्या दिवसांची मजुरीही बुडते. ‘माल हलका निघाला’ असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु पुष्कळदा अवजार संपते ते कामाच्या भाराने नव्हे, तर उष्णतेने. आणि ती आवरणे बऱ्याच अंशी आपल्याच हाती असते.

प्रथम हाताची अवजारे पाहू. पटाशीचे पाते बहुधा कार्बन पोलादाचे असते. ते लाल तापवून एकदम थंड केले, की अतिशय कठीण, पण काचेसारखे ठिसूळ होते. म्हणून पुन्हा सुमारे २०० ते २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्याला चिवटपणा आणतात. ग्राइंडरवर धार लावताना पाते जोराने दाबले आणि कड निळी पडली, तर तेथील तापमान ३०० अंशांच्या आसपास गेले असे समजावे. मग पात्याचे पाणी उतरते. तेथील पोलाद मऊ होऊन धार टिकत नाही. पाते गार केल्याने ते पाणी परत येत नाही. निळा भाग हळूहळू घासूनच काढावा लागतो. म्हणून दाब हलका ठेवावा, पाते वारंवार पाण्यात बुडवावे आणि शेवटची धार दगडावर हातानेच लावावी.

विजेच्या अवजारात हाच शत्रू मोटरीच्या आत असतो. तेथील तांब्याच्या तारेवर वार्निशचे पातळ आवरण असते. तापमान दर १० अंशांनी वाढले, की या आवरणाचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. मोटरीला थंड ठेवणारा पंखा तिच्याच दांड्यावर बसवलेला असतो. ड्रिल जोराने रेटले, की मोटर मंदावते, ती अधिक प्रवाह खेचते आणि त्याच वेळी पंख्याचा वाराही कमी होतो. लांब व बारीक वायर जोडल्यास विजेचा दाब घटून मोटर आणखी मंदावते.

काँक्रीटला भोके पाडताना तर यंत्राची निवडच महत्त्वाची ठरते. साध्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून ठोका देतात. त्यासाठी हाताने रेटावे लागते. रोटरी हॅमरमध्ये दट्ट्या हवेचा दाब निर्माण करून ठोका देतो. तेथे रेटण्याची गरज नसते. भिंतीत चार खुंट्या ठोकण्यासाठी पहिले पुरेसे आहे. स्लॅबला दिवसभर भोके पाडायची असल्यास मात्र दुसरेच हवे. स्वस्त यंत्राकडून हे काम करून घेण्यात बचत नाही.

काही सवयी बिनखर्चाच्या आहेत. मोटरीचा आवाज जड झाला, की हात सैल करावा. जड कामानंतर यंत्र लगेच बंद न करता मिनिटभर भाराविना फिरवावे, म्हणजे आतली उष्णता पंखा बाहेर टाकतो. हवेच्या फटींतील धूळ रोज झाडावी. कार्बन ब्रश झिजून आखूड झाले, की वेळीच बदलावेत. नाही तर ठिणग्या पडून आर्मेचर खराब होते. काही रुपयांच्या ब्रशसाठी हजारोंचे यंत्र गमावणे परवडणारे नाही.

एक सूचना जिवाशी संबंधित आहे. घाव सोसून छिन्नीचे डोके पसरते व त्याच्या कडा चिरतात. पुढच्या घावाला तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो. अशा कडा घासून काढल्याशिवाय छिन्नी हातात घेऊ नये.

मुलाला किंवा मुलीला पहिले यंत्र घेऊन देताना या गोष्टीही सोबत द्याव्यात. यंत्राचा हप्ता फिटण्याआधीच ते जळाले, तर नव्या कारागिराची उमेद खचते. ते टिकले, तर त्याच्या कमाईतून दुसरे यंत्र उभे राहते.