तटाआडची सेना आणि रणातला नायक

बुद्धिबळाच्या पटावर सेना आरंभीच सज्ज असते. प्याद्यांना पोसावे लागत नाही आणि हत्ती कोठून आणला, हेही कोणी विचारीत नाही. संगणकावरील युद्धखेळांत तसे नाही. मध्ययुगीन थाटाच्या या खेळांत खेळाडूने आधी खाणीतील सोने व रानातील लाकूड आणवावयाचे, घरे व छावण्या बांधावयाच्या. सैनिक मिळतात ते त्यानंतर. शिवाय येथे आळीपाळीने चाल नसते. दोन्ही पक्षांचा काळ एकदमच धावत असतो.

अशा खेळांत एक मोह असतो. तटाआड बसून प्रचंड सेना जमवावी आणि ती एकाच वेळी शत्रूवर लोटून द्यावी! अमेरिकेतील ब्लिझर्ड एंटरटेनमेंट या कंपनीने २००२ साली काढलेल्या ‘वॉरक्राफ्ट ३’ या खेळात या मोहास दोन नियमांनी आळा घातलेला आढळतो.

पहिला नियम नायकाचा. सामान्य सैनिक जसा उपजतो तसाच मरतो. नायक मात्र लढाईतून अनुभव मिळवून पहिल्या पायरीपासून दहाव्या पायरीपर्यंत चढतो. सहाव्या पायरीवर त्यास आपली सर्वांत मोठी शक्ती घेता येते. त्यामुळे नायकास घरी बसविणे हा तोटाच होय. रानातील श्वापदे व लुटारू मारून आरंभीचा अनुभव मिळतो. परंतु २००३ च्या ‘द फ्रोझन थ्रोन’ या पुरवणीनुसार पाचव्या पायरीनंतर त्यांच्यापासून काहीच अनुभव मिळत नाही. मग प्रतिस्पर्ध्याशीच गाठ घ्यावी लागते. नायक पडला तर सोने देऊन त्यास वेदीवर पुन्हा उठविता येते खरे, पण त्यास मारल्याचा अनुभव शत्रूच्या नायकास मिळून चुकलेला असतो.

दुसरा नियम पोषणाचा, आणि तोच अधिक मार्मिक आहे. प्रत्येक सैनिकास ठराविक अन्न लागते. मजुरास १, साध्या पायदळ शिपायास २, तर नायकास ५. या पुरवणीत एकूण अन्न ५० पर्यंत असेल तर मजुराने आणलेली सोन्याची १० नाणी पुरतेपणी खजिन्यात जमा होतात. ५१ ते ८० पर्यंत त्यांतील ७ जमा होतात. त्यापुढे, १०० या कमाल मर्यादेपर्यंत, केवळ ४. म्हणजे एक मजूर वाढवून ५० चे ५१ करताच उत्पन्नाचे तीन दशांश बुडाले! म्हणून मुरलेले खेळाडू पुष्कळदा ५० वरच थबकतात आणि थोडक्या सैन्यानिशी नायकास पुढे काढतात. शिबंदीने कोठारे रिकामी होताना पाहिलेल्या एखाद्या खऱ्या किल्लेदारास या हिशेबाचे नवल वाटले नसते.

या खेळाबरोबर नवे नकाशे रचण्याचे साधनही दिलेले होते. त्याचा उपयोग करून हौशी खेळाडूंनी ‘डिफेन्स ऑफ द एन्शन्ट्स’ हा नकाशा तयार केला. त्यात दोन्ही टोकांस तळ आयतेच उभे असतात, शिपाई आपोआप चालून जातात आणि प्रत्येक खेळाडू एकच नायक चालवितो. पुढे २०१३ साली व्हॉल्व्ह या कंपनीने त्यावरून ‘डोटा २’ हा स्वतंत्र खेळ प्रसिद्ध केला. त्यात पाचजण पाचजणांशी लढतात; खाण, मजूर आणि पोषणाचा हिशेब मात्र त्यांपैकी कोणाच्याच हाती नसतो.