डोंगरमाथ्यावरील खुणेचा दगड



धुळ्याहून आग्रा रस्त्याने दक्षिणेस निघाले की लळिंगचा किल्ला दृष्टीस पडतो. त्या बाजूचे काही डोंगर पाहिले म्हणजे कोणी करवतीने त्यांचे माथे कापले असावेत असा भास होतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर येथे आडवे पसरले. पुढे मऊ थर झिजले आणि कठीण थर छपरासारखे वर राहिले. अशा उघड्याबोडक्या माथ्यांवर जाण्याचा मला उतारवयात छंद जडला, तो एका खुणेच्या शोधापायी.

जुन्या सरकारी नकाशांत काही माथ्यांवर लहान त्रिकोण, त्यात टिंब व शेजारी उंचीचा आकडा असतो. तेथे मोजणीचे केंद्र असल्याची ती खूण होय. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची पायारेषा साखळीने मोजली. त्रिकोणाची एक बाजू व तिच्या टोकांचे कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात, हे आपण शाळेत शिकलो आहोत. निघालेली बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. अशी त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे सरकत गेली. लॅम्बटन १८२३ साली आपल्या हिंगणघाटास वारले. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ती वऱ्हाडातून सातपुड्यापलीकडे नेली. कोन मोजण्याचे थोरले यंत्र सुमारे अर्ध्या टनाचे होते. ते वाहून नेणाऱ्या मजुरांची नावे मात्र कोणास ठाऊक नाहीत.

केंद्रावर खडकात किंवा दगडावर वर्तुळ व मध्ये टिंब कोरीत. ओळंबा त्या टिंबावर धरून यंत्र मांडीत. महत्त्वाच्या केंद्री एक खूण जमिनीत पुरून तिच्याच लंबरेषेत दुसरी वर बसवीत; वरची हरवली तरी खालची साक्ष उरावी, हा हेतू.

काही वर्षांपूर्वी दोन माजी विद्यार्थ्यांसह मी गाळण्याच्या टेकड्यांकडे असाच एक माथा चढलो. वाट एका मेंढपाळाने दाखविली. वर पाहतो तो गुडघाभर खड्डा, आणि कडेस वर्तुळ कोरलेला दगड कलंडलेला! खाली धन आहे या समजुतीने कोणी खणले होते व रिकाम्या हाताने परतले होते, असे मेंढपाळाने सांगितले. एक विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, दगड पुन्हा खड्ड्यात बसवू या." मी त्यास थांबविले. शेताच्या बांधावरील हद्दीचा दगड अंदाजाने रोवला तर काय होते, हे आपण खानदेशकर जाणतो. चार बोटे सरकलेली खूण ही खोटी साक्षीदार होय. आम्ही दगडास हात न लावता छायाचित्र घेतले व महसूल कचेरीस लेखी कळविले.

आज उपग्रहांच्या साह्याने कोणतेही स्थळ अल्पावकाशात निश्चित करता येते. मग या दगडांचे काय काम, असे कोणी विचारील. जुना नकाशा नव्या मोजणीशी जुळवावयाचा तर दोहोंस समान असा बिंदू लागतो, आणि जागचा न हललेला दगड तो पुरवितो. धन होते ते दगडाखाली नव्हे, त्याच्या जागेत होते. आणि खणणाऱ्याने नेमके तेच गमाविले.

हिवाळ्यात आपण मुलांसह असा एखादा माथा अवश्य चढावा. पाणी भरपूर न्यावे, खूण डोळे भरून पाहावी आणि ती जेथे आहे तेथेच राहू द्यावी.